'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही'

सरकारी फायलीत काही वाक्ये अशी असतात की ती कोणी लिहीत नाही, आपोआप उमटतात. 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही' हे त्यांतले एक. विकलांगांसाठी राखीव जागा रिकामी राहिली की टिपणीत हे वाक्य येते, खाली सह्या होतात आणि फाइल पुढच्या टेबलावर जाते. वीस वर्षे कारकुनी करतोय, आणि आता हे वाक्य दिसले की माझे टाळके फिरते. (खात्याचे नाव विचारू नका. मला निवृत्तीपर्यंत इथेच बसायचे आहे.)

राग का येतो ते सांगतो. १९९५ च्या कायद्यात ३ टक्के राखीव जागा होत्या, २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या. अंध, कर्णबधिर आणि हातापायांनी अधू यांना प्रत्येकी १ टक्का, उरलेला १ टक्का स्वमग्न, मतिमंद, मनोरुग्ण आणि बहुविकलांग यांना मिळून. जागा भरली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या भरतीत न्यायची. तेव्हाही त्या गटातला कोणी मिळाला नाही तर दुसऱ्या गटातल्या विकलांगाला द्यायची, आणि तोही नसेल तरच धडधाकटाला. नियम चांगला आहे हो, पण कारकुनाच्या नजरेने वाचा. 'मिळाला नाही' हे दोन वर्षे लिहिले की जागा मोकळी! आणि मोकळ्या जागेवर किती जणांचा डोळा असतो ते गोव्यात मी कोणाला सांगावे?

आता हा उमेदवार 'मिळत नाही' तो कसा? जाहिरातीचा कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवतात. तो कागद म्हणजे नुसते चित्र. अंध मुलाच्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारा 'एनव्हीडीए' असतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो बनवला, फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. पण चित्रापुढे तो मुका होतो. देवनागरी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असला तर बरळतो. ज्याच्यासाठी जागा राखीव, त्यालाच जाहिरात वाचता येत नाही, आणि आम्ही लिहितो की अर्ज आला नाही.

समजा शेजाऱ्याने वाचून दाखवली. मग एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र. सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या एखाद्याने कुबड्या सांभाळत कदंबच्या बसने किती खेपा घालायच्या? एक्स्चेंजचे काम नाव नोंदवून संपते. या माणसाला काय जमेल, काय साधन लागेल, पहिले दोन महिने कामावर सोबत राहून कोण शिकवील, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? मतिमंद मुलाला तर अशा सोबत्याशिवाय नोकरी म्हणजे पंधरा दिवसांची सहल.

त्यात आपली लाडकी अट, 'कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे इष्ट'. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण या दोन भाषांवरून एकमेकांची डोकी फोडतोय, पण जन्मजात बहिऱ्या मुलीची भाषा खुणांची असते हे दोन्ही बाजूंच्या एकाही पुढाऱ्याच्या तोंडून मी ऐकले नाही. तिच्या बाबतीत 'ज्ञान' म्हणजे वाचणे, लिहिणे की बोलणे? जाहिरात सांगत नाही. असो, तो वाद पुन्हा कधीतरी.

एवढे करून एखादा आत आलाच तर? आमच्याकडे एक अंध गृहस्थ होते, बीए झालेले. त्यांना टेलिफोनवर बसवले. अंधांसाठी ठरलेली कामे दोनच, टेलिफोन आणि खुर्च्यांना वेत विणणे. वेताच्या खुर्च्या गेल्या, मग साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या हाती मोबाइल आला आणि टेलिफोनही गेला. त्यांना संगणक द्या, टिपण्या ते लिहितील, असे दोघातिघांनी सुचवले. उत्तर आले, "पगार मिळतो ना त्यांना?" पुढची सगळी वर्षे ते सकाळी येऊन हजेरी लावायचे आणि संध्याकाळपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचे. बीए झालेला माणूस! कोणी वाईट वागले नाही, चहासुद्धा न मागता जागेवर यायचा. ४ टक्क्यांच्या तक्त्यात मात्र ते 'भरलेली जागा' म्हणून दिमाखात होते.

'वाजवी सोयी' द्यायच्या हे २०१६ च्या कायद्यात आहे. विकलांगाला समान संधी द्यायची तर या सोयी द्याव्याच लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात बजावले. आमच्या खात्याने काय केले? पाटीवरचा शब्द बदलला. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला, तो चटकन उचलला. शब्दाला निविदा काढावी लागत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. चांगला झाला, मी मुलांना घेऊन गेलो होतो, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांतला मी नाही. पण मांडव उतरल्यावर लिफ्ट तशीच बंद आणि जाहिरात तशीच चित्ररूप! २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख विकलांग मोजले गेले, त्यांतले काम करणारे ३६ टक्के. उरलेल्यांत लहान मुले आणि म्हातारे आहेत हे मान्य. बाकीचे सगळे 'अयोग्य' होते असे कोणाला म्हणायचे असेल तर त्याने ते सहीनिशी म्हणावे.

म्हणून माझी मागणी कारकुनी आहे. ज्या टिपणीत हे वाक्य येईल, तिला कागद जोडलेले असावेत: जाहिरात वाचता येईल अशा रूपात कुठे दिली, परीक्षेला लेखनिक किंवा खुणांचा दुभाषी दिला का, आणि उमेदवाराला 'तुला काय लागेल' असे कोणी, कोणत्या तारखेला विचारले. हे कागद नसतील तर वरच्या साहेबाने फाइल परत पाठवावी. तो पाठवत नसेल तर वाचकहो, माहिती अधिकाराचा अर्ज आहे. फी दहा रुपये. जागा कितव्या वर्षी ढकलली आणि ते वाक्य कोणत्या कागदाच्या आधारे लिहिले, एवढे दोनच प्रश्न विचारा. अर्ज आमच्याच टेबलावर येईल, मी आवक क्रमांक घालून ठेवीन.