सोडचिठ्ठीचा तो कागद

आंबेनळी घाटाच्या वर सातारा, खाली रायगड. सोयरीक मात्र ही हद्द मानत नाही. महाबळेश्वर-जावळीची लेक पोलादपूर-महाडात नांदते, इकडची वर जाते, आणि नवरा पुष्कळदा मुंबईत नोकरीला असतो. संसार बिनसला की दोन्हीकडचे भाऊबंद बसतात आणि स्टॅम्प पेपर पुढे येतो.

मजकूर ठरलेला. ‘आमचे आपसात पटत नसल्याने आम्ही राजीखुशीने विभक्त राहत आहोत. यापुढे लिहून देणार हिचा पोटगीबाबत कोणताही हक्क राहिलेला नाही.’ खाली सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. ‘सही कर गं बाय, रोजची कटकट मिटेल,’ असं सांगणारा कित्येकदा तिचाच मामा असतो.

या कागदानं लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोट न्यायालय देतं. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कलम 29 ती मानतं, पण ती पुराव्यानं सिद्ध करावी लागते; नोटरीचा शिक्का म्हणजे रूढी नव्हे. कागदाच्या भरवशावर नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिनं केलं तरी तेच, आणि हे तिला कोणी सांगत नाही.

मला जास्त राग येतो तो कागदातल्या त्या पहिल्या वाक्याचा, ‘राजीखुशीने विभक्त’चा. पोटगीचं जुनं कलम 125 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की नवरा-बायको परस्परसंमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही. घटस्फोटितेला मात्र ती पुनर्विवाह करेपर्यंत मागता येते. म्हणजे हा कागद तिला घटस्फोटिताही होऊ देत नाही आणि बायको म्हणून असलेला हक्कही अडकवतो. ‘पोटगी सोडली’ हे कलम न्यायालयात टिकत नाही, मुलांचा हक्क तर आईला सोडताच येत नाही. पण ‘राजीखुशीने’वरची सही दबावाखाली झाली, हे दाखवता दाखवता बाईची उमेद संपते.

घटस्फोटाचा हा हक्क सहजासहजी आलेला नाही. मुंबई प्रांतात तो 1947 साली कायद्यानं आला, देशभर 1955 मध्ये. मधल्या काळात हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 मध्ये कायदामंत्रिपद सोडलं. त्यांच्या चवदार तळ्याच्या महाडात तरी हा हक्क बैठकीतल्या कागदावर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दोघांनाही खरंच सुटायचं असेल तर सरळ वाट आहे: वर्षभर वेगळं राहून संमतीचा अर्ज. पुढची सहा महिन्यांची थांबणूक न्यायालय माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. पोटगीची रक्कमही तिथेच लेखी ठरवून घ्यावी.

आणि नवऱ्यानं टाकलंच असेल तर अर्जाला उशीर नको. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते; घरी बसून काढलेले महिने गेले ते गेले. त्यासाठी मुंबई गाठायचं कारण नाही. बाई जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. माहेर घाटावर असेल तर सातारा जिल्ह्यात करावा, म्हणजे पावसाळ्यात तारखेसाठी दरडींचा घाट उतरायला नको. 2021 च्या जुलैत हा रस्ता कसा तुटला होता ते इथल्या लोकांनी पाहिलं आहे. वकिलाच्या पैशांसाठीही अडू नये: तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आदेश झाल्यावर नवऱ्यानं पैसे थकवले तर वसुलीचा अर्ज मात्र ती रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा. वर्ष उलटलं की त्या थकबाकीसाठी कलम 144 खाली वॉरंट निघत नाही.