भुताच्या गळ्यात माळ, बाईच्या तोंडाला कुलूप

अमोल पालेकरांचा 'पहेली' (२००५) बाईच्या मनाची कदर करणारा सिनेमा आहे, असं अजूनही ऐकू येतं. शेवट कापून टाकला तर आहेच. शेवटासकट पाहिला तर ती शुद्ध फसवणूक आहे.

नायिका लच्छीचा नवरा किशनलाल पहिल्या रात्री हिशेबाच्या वह्या घेऊन बसतो आणि लगेच पाच वर्षांसाठी धंद्यापायी परगावी निघून जातो. तिच्यावर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात शिरतं. पण तिच्यासमोर आल्यावर खरं काय ते सांगून टाकतं. ठेवायचं की घालवायचं, तूच ठरव. बापाने विचारलं नाही, सासऱ्याने नाही, नवऱ्याने तर नाहीच. विचारलं ते भुताने. इथपर्यंत सलाम.

पुढे खरा नवरा परततो. विजयदान देथांच्या मूळ कथेत आणि मणि कौलच्या 'दुविधा'त (१९७३) भूत मशकीत कोंडलं जातं आणि बाई नवऱ्याच्या वाट्याला येते. कडू शेवट, पण खरा. तो बदलायचा हक्क पालेकरांना होताच. पण बदलून केलं काय? भूत मशकीतून सुटतं आणि थेट किशनलालच्या अंगात शिरतं! म्हणजे प्रियकर मिळाला, कुंकू टिकलं, पोरीला बाप मिळाला, सासऱ्याची अब्रूही शाबूत. आणि किशनलाल? तो कुठे गेला, हे कुणीच विचारत नाही. लच्छीला तर या सौद्याची खबर सगळं उरकल्यावर लागते. जिची मर्जी विचारण्यावर अख्खी प्रेमकथा उभी केली, तिलाच ऐन वेळी वगळलं.

'अहो, परीकथा आहे, एवढं काय मनावर घेता!' हे मला ऐकवू नका. भूत मला चालतं, सिनेमातल्या बोलक्या बाहुल्याही चालतात. कल्पनेने निसर्गाचे नियम खुशाल मोडावेत. अडचणीच्या प्रश्नाला मागच्या दाराने पळवून लावू नये. पालेकरांना अशा प्रश्नाला सामोरं जाणं जमत नव्हतं असंही नाही. 'पहेली'च्या दोनच वर्षं आधीच्या त्यांच्या मराठी 'अनाहत'मध्ये वारसासाठी परपुरुषासोबत नियोगाची रात्र काढून आलेली राणी शीलवती राजाला आणि दरबाराला तोंडावर जाब विचारते. तिथे नायिकेला जीभ होती. हिंदीत शाहरुख खान आला, रंगीबेरंगी राजस्थान आला आणि जीभ गेली. ऑस्करला भारतातर्फे पाठवला तो हाच सिनेमा.

मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात राहतो. धंद्यापायी घर विसरलेले किशनलाल आमच्या जीआयडीसीच्या औद्योगिक पट्ट्यात कमी नाहीत. पण हे गायकवाडांचं बडोदं आहे. इथला मकरपुरा राजवाडा ज्यांच्या घराण्याचा, त्या सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाला कायद्याने बंदी घातली आणि १९३१ मध्ये हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क दिला. देशभर तसा कायदा व्हायला १९५५ उजाडावं लागलं. नको असलेल्या नवऱ्यापासून सुटायला इथल्या बाईला भुताची गरज उरली नव्हती. तिने तोंड उघडायचं होतं, आणि राज्याने ऐकायचं होतं.

बडोद्याच्या त्या १९३१च्या कायद्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी आलेला सिनेमा बाईला सुखी करायला नवऱ्याचं शरीर तेवढं ठेवतो आणि आतला माणूस बदलतो. याला प्रेमाचा विजय म्हणू नका. ही लग्नसंस्थेची डागडुजी आहे, आणि तीही बाईला न विचारता केलेली.