वृद्धाश्रमाचा उंबरठा

वृद्धाश्रम म्हटला की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम दात्याची उदारता उभी राहते. कोनशिला, कमान आणि अंगणातले देऊळ एवढे पाहिले की पाहणारा धन्य होतो. न्हाणीघरात धरावयास दांडी आहे काय, हे कोणी विचारीत नाही. आमचे म्हणणे असे की, हाच प्रश्न पहिला होय; ज्या आश्रमापाशी त्याचे उत्तर नाही तो कितीही दयेने चालविलेला असो, त्यास आसरा हे नाव शोभत नाही.

म्हातारे माणूस पडले म्हणजे 'वयच झाले होते' असे म्हणून मोकळे होण्याची आमच्यात रीत आहे. या एका वाक्याने गवंडी सुटतो, विश्वस्त सुटतात आणि सरकारही सुटते. परंतु पाय एकट्या वयाने घसरत नाही. ओली गुळगुळीत फरशी, अंधारी बोळ आणि नको तेथे ठेवलेला उंबरठा त्यास घसरवितात. पडण्याने जगात दरसाल सुमारे ६,८४,००० माणसे मरतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचा भरणा सर्वांत मोठा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध अंथरुणास खिळतो, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. आणि मग आम्ही दैवाला दोष देतो!

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत तर हा विचार दुप्पट निकडीचा आहे. पश्चिमेस घाटमाथ्याचा पाऊस. चार महिने ओटे आणि पायऱ्या वाळत नाहीत. पूर्वेस उसाचे रान आणि त्यात बिबट्याचा वावर. तो इतका की, माणिकडोह येथे बिबट्यांसाठी स्वतंत्र निवारा केंद्र करावे लागले. अशा मुलखात शौचकूप मागल्या अंगणात बांधणे आणि तेथवर दिवाही न लावणे यास काय म्हणावे? आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेले व दीडशेच्या आसपास माणसे गेली. जेथे धडधाकट माणसांना पळता आले नाही, तेथे काठीवर चालणाऱ्याची काय कथा? म्हणून उताराखालची जागा फुकट मिळाली तरी ती आश्रमासाठी घेऊ नये. जमिनीचे दान नाकारण्याचे धैर्यही विश्वस्तांच्या अंगी असले पाहिजे.

आगीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कॅनडात क्वेबेक प्रांतातील लिल-व्हर्ट गावी जानेवारी २०१४ मध्ये वृद्धांच्या निवासास आग लागून ३२ जण मेले. इमारतीच्या नव्या भागात छतातून आपोआप पाणी फवारणारी नळयोजना होती व मध्ये आग अडविणारी भिंत होती. तो भाग वाचला. जुन्या भागात ती योजना नव्हती. रात्र तीच, थंडी तीच, माणसेही सारखीच थकलेली. भेद होता तो बांधणीचा.

आमच्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने वृद्धाश्रमांची मानके ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारास दिला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे, तो ज्या इमारतींना लागू आहे त्यांच्या मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. पण दाखला कागदावर चालू असून भागत नाही. नळ उघडल्यावर पाणी आले पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला पैशाचा. दांडी, खरखरीत फरशी, रात्रीचा दिवा, बाहेर उघडणारे दार, फूटभर चढण्यास बारा फूट लांबीचा उतार यांचा खर्च कमानीच्या खर्चापुढे मोठा नव्हे. उणीव पैशाची नसून दृष्टीची आहे. दुसरा आक्षेप असा की, आमची माणसे काटक. लेण्याद्रीच्या शेकडो पायऱ्या म्हाताऱ्याही चढतात. चढतात खऱ्या, परंतु उजेडी, नातवाचा हात धरून, मध्ये विसावा घेत आणि आपल्या इच्छेने. मध्यरात्री शौचास निघालेल्या म्हातारीला यांपैकी कोणती सोय असते?

दानाची नीट रीत शिकण्यास जुन्नरकरांना दूर जावयास नको. येथल्या लेण्यांतील दोन हजार वर्षांमागील शिलालेख वाचावे. इरिल नावाच्या यवनाने शिवनेरीच्या लेण्यांत पाण्याची दोन टाकी दिली. इतर काहींनी कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या, की दानधर्म पुढेही चालू राहावा. राहणाऱ्यास काय लागते हे त्या दात्यांनी आधी पाहिले. आजच्या दात्याने कोनशिलेवर नाव अवश्य कोरावे; पण त्याआधी त्या वास्तूत एक रात्र राहावे, आणि दिवे मालवून, काठी टेकीत, बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत एकदा जाऊन यावे. जेथे स्वतःचा पाय अडखळला तेथे दुसऱ्याच्या आईबापांना ठेवू नये.