वास्तूचा आहेर

२०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. जणू जिल्ह्यानेही स्वतःचे बिऱ्हाड थाटले. आमच्याकडे तुळशीचे लग्न आटोपले, की माणसांच्या वास्तुशांतीची निमंत्रणे येऊ लागतात आणि प्रश्न पडतो, न्यावे काय?

पहिलेच घर बांधणाऱ्याच्या हाती त्या दिवशी किल्ली असते, पैसा नसतो. भिंतीवरची घड्याळे पाच मिळतात. माळ्यावर चढावयास शिडी मात्र नसते. शिवाय आहेराची वही असते. भारी आहेर तीत लिहिला जातो आणि आपल्या घरच्या कार्यात तो फेडण्याची काळजी कर्जाच्या हप्त्याबरोबर त्या गृहिणीच्या मागे लागते. आहेराचे ऋण होऊ नये, हे पहिले पथ्य आम्ही मानतो.

म्हणून आधी मोकळेपणाने विचारावे आणि चार घरांनी मिळून ती शिडीच द्यावी. अंगण ऐसपैस असल्यास जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेले संत्र्याचे कलम द्यावयाचे ठरवावे, आणि ते लावावयास पावसाळ्यात स्वतः जावे. भिंतीपासून दहा फूट तरी अंतर राखावे; फळ चौथ्या-पाचव्या वर्षी येते. जागा बेताचीच असेल, तर गोडलिंबाचे रोप पुरे. त्याची पाने रोजच्या फोडणीत पडतात आणि वहीत त्याची नोंद कोणी करीत नाही.