इंजिनाचा गाव कुठला?

चंडीमंदिरला पोस्टिंग असताना आमच्या युनिटचा एक नायक सुट्टीवर जायच्या आधी माझ्याकडे आला. मूळचा साताऱ्याकडचा, पेन्शनला चार महिने राहिलेले. "साहेब, डिझायर बघितलीय. सीएच-०१ नंबरची, डिझेल, एकाच मालकाची. दहा हजार टोकन दिलेत. तुम्ही फक्त एकदा आवाज ऐका इंजिनाचा."

पंचवीस वर्षं ईएमईत काढल्यावर लोक आपल्याकडे कान मागायला येतात. पण आवाजावरून इंजिनाची तब्येत कळते, त्याचा गाव कळत नाही. म्हणून रविवारी मी जाताना टॉर्च, आरसा आणि डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन गेलो. डीलर हसला. म्हणाला, "साब जी, फौजी भाई को गलत चीज़ थोड़े ही देंगे!" हे वाक्य मी पठाणकोटपासून जोधपूरपर्यंत ऐकलेलं आहे.

गाडी २०१४ ची. बोनेट उघडून ब्लॉक पुसला. आरसीवर इंजिन नंबर डी१३ए ने सुरू होत होता, ब्लॉकवरचाही डी१३ए नेच सुरू होत होता. नायकाचा चेहरा खुलला. पण पुढचे आकडे जुळेनात. म्हणजे इंजिन त्याच जातीचं, पण दुसऱ्या गाडीचं. ती दुसरी गाडी कुणाची आणि आज ती कुठे आहे, हे सांगणारा एकही कागद तिथे नव्हता.

या इंजिनाची थोडी हकीकत सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. १२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन मुळात फियाटचं. मारुतीने परवाना घेऊन ते मानेसरला बनवलं आणि स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा अशा गाड्यांत बसवलं. हेच इंजिन फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या रांजणगावच्या कारखान्यातूनही निघत होतं. ते पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा यांत गेलं. मागणी एवढी वाढली की जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावहून वर्षाला १ लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार केला. म्हणजे चंदीगडच्या रस्त्यावरच्या एखाद्या स्विफ्टचं काळीज महागणपतीच्या गावचं असू शकतं. मला याची उगाच गंमत वाटते. पुढे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल बंद केलं. गाड्या मात्र अजून पळताहेत. नवीन इंजिन मिळत नाही, तेव्हा जुन्याला भाव येतो. आणि जुन्याला भाव आला की ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही. मेरठचं सोतीगंज आठवा. चोरीच्या गाड्या कापून सुटे भाग विकणारा बाजार म्हणून ते देशभर बदनाम होतं. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला.

आम्ही मग बाकीच्या खुणा बघितल्या. प्लास्टिकच्या भागांवर घड्याळासारखा छोटा गोल शिक्का असतो. मधे वर्ष, आणि बाण असतो महिन्याकडे. सीटबेल्टच्या तळाच्या पट्टीवर तारीख छापलेली असते. काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या नावाखाली वर्षाचा आकडा असतो. हिशोब सोपा आहे. एखादा भाग गाडीपेक्षा नवा असेल तर दुरुस्ती झाली, त्यात वावगं काही नाही. दोन-चार महिने जुना असेल तर कारखान्यात पडून राहिला असेल. पण भाग गाडीपेक्षा दोन-तीन वर्षांनी जुना असेल, तर तो दुसऱ्या गाडीवरून आला. या डिझायरच्या काचा, बेल्ट २०१४ चे होते. इंजिनाभोवतीचे तीन भाग २०११ चे.

डीलर आता हसत नव्हता. म्हणाला, "इंजन तो इंजन होता है जी."

इथे माझं मत त्याच्यापेक्षा फार वेगळं नाही, हे ऐकून काहींना नवल वाटेल. इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. फौजेत आम्ही किती बदलली याची गणती नाही. पण जुन्या इंजिनाचा नंबर, नव्याचा नंबर, तारीख, सही, हे लॉगबुकात उतरल्याशिवाय गाडी वर्कशॉपच्या गेटबाहेर जात नव्हती. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नागरी गाडीकडूनही थोडंफार तेच मागतं. बदलाला परवानगी घ्या, आरसीवर नोंद करा. होतं काय, तर प्रामाणिक मालकही हेलपाट्यांना कंटाळून नोंद करत नाही. मग चोराचं इंजिन आणि सज्जनाचं इंजिन एकसारखंच दिसायला लागतं. गाडी दुसऱ्या राज्यात नेताना चॅसिसचा पेन्सिल छाप घेतात, पण वाकून ब्लॉक बघणारा मला क्वचितच भेटला. माझ्या मते छाप घेतानाच इंजिन नंबरचा फोटो सक्तीचा करावा आणि बिल असलेल्या मालकाची नोंद त्याच खिडकीवर, त्याच दिवशी व्हावी.

तोवर भोगतो शेवटचा खरेदीदार. विम्याचा दावा अडतो, नाहीतर चौकशीला पोलीस त्याच्याच दारात येतात. आणि आपले जवान यात जास्त अडकतात. पोस्टिंग संपत आलेली, हातात एकरकमी पैसा, समोरच्याच्या शब्दावर विश्वास. चोरीची तपासणी एनसीआरबीच्या 'वाहन समन्वय'वर करता येते. पण तिथे आरसीवरचा नंबर टाकून समाधान मानू नका, ब्लॉकवरचा टाका.

नायकाने गाडी सोडली. टोकन परत मिळालं नाही. परतीच्या वाटेवर मनीमाजराच्या मोटर मार्केटजवळ चहा प्यायलो, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बायकोला फोटो पाठवला होता, साहेब."

तो घरी गेल्यावर दोनेक महिन्यांनी माझ्या मोबाइलवर त्याचे दोन फोटो आले. एक आरसीचा, एक तेलकट ब्लॉकचा. गाडीचा फोटो पाठवलाच नव्हता. मी चष्मा लावून एकेक आकडा जुळवला आणि मग त्याला फोन केला.