संगीताचा नवा दरबार: गाणे ऐकायला मिळणे आणि गाणे जवळ असणे

#थ्रेड #इतिहास #कोल्हापूर

१/
"सगळं गाणं फोनवर आहे, मग तबकड्या, कॅसेट, सीडी कशाला सांभाळायच्या?" कोल्हापुरातले जुने वाडे पाडले जाताना हा प्रश्न हमखास ऐकू येतो आणि माळ्यावरची पेटी रद्दीच्या गाडीत जाते. माझी भूमिका आधीच सांगते: हा प्रश्न इतिहासाच्या अज्ञानातून येतो. कसे, ते पाहू.

२/
प्रारंभ आपल्याच शहरापासून. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरचे दरबारगायक झाले. महाराज गुणग्राहक होते, यात शंका नाही. तथापि दरबाराची रीतच अशी की गाणे ऐकण्याचा हक्क निमंत्रणावर अवलंबून. देवडीवरच्याने आत सोडले तर श्रोता, नाही तर वाटसरू.

३/
१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि भारतात तबकडीचे युग सुरू झाले. खाँसाहेब त्यानंतर ४४ वर्षे हयात होते. तरीही त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, भुर्जीखाँ आणि त्यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूर अशा परंपरेतून, तसेच गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या जाणकारांच्या लेखनातून आपण त्या गाण्याचा अंदाज बांधतो. प्रत्यक्ष स्वर मात्र कायमचा गेला.

४/
तबकडीने देवडी मोडली. लाखेची ती ठिसूळ चकती जेमतेम साडेतीन मिनिटे वाजे. पण एकदा पैसे मोजले की ती त्या घराची होई. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले, दरबार संपला, कंपन्यांची नावे आणि मालक बदलले. घराघरांतल्या तबकड्या परत मागायला मात्र कोणी आले नाही.

५/
या मालकीचे मोल सांगणारे सर्वांत विलक्षण उदाहरण केसरबाईंचेच आहे. १९७७ मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली. तिच्यात जगभरातल्या २७ संगीतरचना आहेत आणि त्यांत भारताची एकच: केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'.

६/
ही निवड झाली तेव्हा ती ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झालेली होती. ॲन ड्रुयन यांनी शोधाशोध केली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. कंपनीने छपाई थांबवली होती. एका दुकानदाराने माल फेकून दिला नव्हता. केसरबाईंचा स्वर आज आंतरतारकीय अवकाशात आहे, तो त्या खोक्याच्या आधाराने.

७/
आता वर्तमानाकडे या. स्ट्रीमिंग ॲपला आपण दरमहा पैसे देतो, ते गाण्याचे मूल्य नसते. ते ऐकण्याच्या परवान्याचे भाडे असते. 'डाऊनलोड' केलेले गाणेही ॲपच्या कुलपातच राहते. स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी द्यावी लागते. वर्गणी थांबली की डाऊनलोड निरुपयोगी. देवडी परत आली आहे, फक्त देवडीवरचा माणूस दिसत नाही.

८/
हे भय काल्पनिक नाही. एचएमव्हीचा जुना खजिना आज सारेगामा कंपनीकडे आहे. २०१९ मध्ये सारेगामा आणि स्पॉटिफाय यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी त्या ॲपवरून उतरली. मे २०२० मध्ये करार झाला, तेव्हा ती परतली. मधल्या वर्षभरात श्रोत्याचा दोष काय होता? काहीही नाही. त्याला कोणी विचारलेही नाही.

९/
मार्च २०२४ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अशीच गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने आपले विंक म्युझिक हे ॲपच बंद करण्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांचे भवितव्य एका व्यावसायिक निर्णयाने ठरले.

१०/
आक्षेप पहिला: "ॲपमुळे गरीब विद्यार्थ्यालाही केसरबाई ऐकता येतात." हे सर्वस्वी खरे आहे. एके काळी ग्रामोफोन ही चैन होती आणि तबकडी सर्वांना परवडत नव्हती. ॲप वापरू नका, असे माझे म्हणणेच नाही. वाचनालयातून पुस्तक आणणे चांगलेच. पण उद्या वाचनालयाने कपाट रिकामे केले तर गावात दुसरी प्रत आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

११/
आक्षेप दुसरा: "तबकड्या फुटतात, कॅसेटना बुरशी लागते." तेही खरे. पण इतिहासाचार्य राजवाडे आठवा. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड सिद्ध केले, ते गावोगावच्या घरांतले रुमाल सोडून. त्या दप्तरांनाही वाळवी लागत होती, काही रद्दीत गेली. तरी जे वाचले, ते अनेक घरांत विखुरलेले होते म्हणून वाचले. साधने टिकतात ती प्रतींच्या संख्येवर आणि त्या वेगवेगळ्या हातांत असण्यावर.

१२/
अभ्यासकासाठी आणखी एक मुद्दा. जुन्या तबकडीच्या कागदी चकतीवर कंपनी आणि क्रमांक असतो. त्यावरून काळ ठरवता येतो. ॲपवर दिसणारे वर्ष पुष्कळदा पुनःप्रकाशनाचे असते आणि साथीदारांची नावे गाळलेली असतात. १९३५ चे गाणे २००५ चे म्हणून नोंदले गेले, तर पुढचा संशोधक कशावर विसंबणार?

१३/
कायदाही जाणून घ्या. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो (गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात). म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातील बहुतेक ध्वनिमुद्रणे आता समाजाची आहेत. पण ज्याची प्रतच उरली नाही, ते समाजाचे झाले काय आणि न झाले काय?

१४/
मुंबईत काही संग्राहकांनी १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापून हे काम अंगावर घेतले. देवल क्लब १८८३ पासून उभा असलेल्या शहराने याबाबत मागे राहू नये.

१५/
करता येण्याजोग्या गोष्टी अशा. घरातली पेटी विकण्याआधी उघडा. प्रत्येक तबकडीच्या व कॅसेटच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. गायक, कंपनी, क्रमांक वहीत उतरवा. आजीच्या ओव्या, गावातले भजन, घरगुती मैफल असलेल्या कॅसेट सर्वांआधी संगणकावर उतरवा, कारण त्यांची दुसरी प्रत कोठेच नाही. दोन प्रती दोन घरांत ठेवा. आणि आवडत्या गायकाची एखादी सीडी किंवा फाइल विकत मिळत असेल, तर ती विकत घ्या.

१६/
अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज जपण्याची संधी कोल्हापूरने एकदा गमावली आहे. त्या काळी साधने मोजकी होती, असे म्हणता येईल. आपल्या हातात मात्र ध्वनिमुद्रण करणारे यंत्र दिवसभर असते. आपल्याला तेवढीही सबब नाही.

(समाप्त. तुमच्या घरी अशी पेटी असेल, तर काय काय निघाले ते खाली अवश्य लिहा.)