इतके कोअर कुणासाठी?

कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की हल्ली पहिला प्रश्न ‘किती कोअर?’ हाच असतो. डीटीपीवाले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्टच्या ऑफिसातली पोरं, इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलासाठी मशीन बघणारे पालक, सगळे कोअर मोजतात. दुकानदारही तेच मोजून दाखवतो, कारण मोठा आकडा विकायला सोपा. माझी विनंती एवढीच आहे की, पैसे मोजण्याआधी आपलं काम किती कोअर वापरतं ते बघा. घरबसल्या, फुकटात कळतं.

आत्ताच्या मशीनवर ज्या कामाला सगळ्यात जास्त ताटकळावं लागतं, ते काम सुरू करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयू निवडा, आलेखावर राइट क्लिक करा आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ दाखवायला सांगा. एका मोठ्या चौकोनाचे आठ, बारा किंवा सोळा छोटे चौकोन होतील. ते सगळे काठोकाठ भरले आणि काम संपेपर्यंत तसेच राहिले, तर जादा कोअरचा तुम्हाला खरोखर उपयोग आहे. एकच भरला आणि बाकीचे लोळत पडले, तर नाही. यात एक फसगत होते. विंडोज एकच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे सगळेच चौकोन थोडे थोडे हलताना दिसतात. तेव्हा एकूण टक्का बघायचा. सोळा थ्रेडच्या, म्हणजे सोळा चौकोनांच्या, मशीनवर तो सहा-आठ टक्क्यांवर अडकून बसला असेल, तर एकच थ्रेड राबतोय आणि पंधरा बसून आहेत. आणि सीपीयू थंड असताना डिस्क शंभर टक्क्यांवर असेल किंवा रॅम भरलेली असेल, तर दुखणं प्रोसेसरचं नाहीच.

ब्लेंडरमधलं सायकल्स रेंडर, मोठ्या प्रोग्रामचं कंपायलिंग, एकाच मशीनवर चालवलेली पाच-सात व्हर्च्युअल मशीन, ही कामं मिळतील तेवढे कोअर खातात. उलट ऑटोकॅडचा बहुतेक कारभार एकाच कोअरवर चालतो. एक्सेल आकडेमोड बऱ्याच कोअरवर वाटून करू शकतं, पण प्रत्येक सेल वरच्या सेलवर अवलंबून असेल तर वाटणार काय? आणि अकाउंटंट मंडळी ज्या मॅक्रोची वाट बघत बसतात, तो मॅक्रो एकाच थ्रेडवर पळतो.

जीन ॲमडाल यांनी 1967 साली याचा हिशेब मांडून ठेवला आहे. कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर सोळा कोअरवर ते काम सुमारे 6.4 पट वेगाने होतं. चौसष्ट कोअर लावा, 8.8 पट होतं. कोअर चौपट झाले, वेग दीडपटसुद्धा झाला नाही. हजार कोअर आणलेत तरी दहापटीच्या पुढे जाता येत नाही, कारण तो दहावा हिस्सा एकाच कोअरच्या वेगाने चालायचा तो चालणारच.

मग सर्व्हरचे प्रोसेसर इतके कोअर ठेवतात ते कशासाठी? एएमडीचा ईपिक 9965 घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये आला, 192 कोअर, 500 वॅट. त्याच्याच पिढीतला डेस्कटॉपचा रायझन 9 9950एक्स 16 कोअरचा, 170 वॅटचा. भागाकार करून बघा. सर्व्हरच्या एका कोअरच्या वाट्याला जेमतेम 2.6 वॅट, डेस्कटॉपच्या कोअरला दहाच्या वर. म्हणून डेस्कटॉपचा कोअर 5.7 गिगाहर्ट्झपर्यंत चढतो आणि सर्व्हरचा 3.7 ला थांबतो; सगळे कोअर एकदम कामाला लागले की त्याहून खाली येतो. लग्नाच्या पंगतीला पन्नास वाढपी हवेत. जेवणारा एकटा असेल तर पन्नास जण ताटाभोवती उभे करून त्याचं जेवण लवकर आटोपत नाही. पुण्यात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकातही 64 कोअरचे ईपिक 7742 आहेत, 2.25 गिगाहर्ट्झचे. तिथे ते शोभतात. तिथली कामं मुळातच तुकडे पाडून दिलेली असतात आणि वापरणारेही अनेक असतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आणि ऑनलाइनही, जुन्या सर्व्हरचे झिऑन प्रोसेसर काढून जुळवलेली ‘वर्कस्टेशन’ मिळतात. ‘अठ्ठावीस कोअर, छप्पन थ्रेड’ असं लिहिलेलं असतं आणि किंमत बघून हात खिशाकडे जातो. आत बहुधा दोन ई5-2680 व्ही4 असतात. हा 2016 सालचा प्रोसेसर, प्रत्येकी 14 कोअरचा. टर्बो धरून 3.3 गिगाहर्ट्झ, एकेक 120 वॅटचा. आजच्या साध्या सहा कोअरच्या रायझन 5 7600 शी तुलना केली, तर याच्या एका कोअरचा वेग साधारण निम्म्यावर भरतो. याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचा भार उचलणाऱ्या क्विक सिंकचा आधार नाही. विंडोज 11 ला हा अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. रेंडरिंगसाठी किंवा लिनक्स शिकायला घेत असाल तर जरूर घ्या, वस्तू वाईट नाही. फोटोशॉपसाठी घेऊ नका.

वापरलेला चिप घेताना तो हातात घेऊन बघा. झाकणावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं कोरलेलं असेल, तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, विक्रीसाठी नव्हताच. जुना ईपिक किंवा थ्रेडरिपर प्रो घेत असाल तर तो कोणत्या कंपनीच्या मशीनमधून निघाला ते विचारा. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये बसवलेला एएमडीचा प्रोसेसर त्याच कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो, दुसऱ्या बोर्डावर उठतच नाही. तुमच्याच बोर्डावर चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

नव्या मालातही आकडा सरळ नसतो. इंटेलचा आय9-14900के चोवीस कोअरचा म्हणतात, पण त्यात मोठे आठ आणि छोटे सोळा. काही दुकानदार तर थ्रेडच कोअर म्हणून सांगतात. तिथे भांडायला हरकत नाही.

पतपेढी, दवाखाना किंवा शाळेच्या ऑफिसासाठी सर्व्हर घेणाऱ्यांनी आधी लायसन्स वाचावं. तुमचं सॉफ्टवेअर फुकटच्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर चालत असेल, तर तो डेटाबेस चारच कोअर वापरतो, तुम्ही बत्तीस दिलेत तरी. 2022 च्या स्टँडर्ड आवृत्तीची मर्यादा चोवीस कोअर. विंडोज सर्व्हरचं लायसन्स तर कोअर मोजूनच मिळतं, किमान सोळाचं. म्हणजे रिकामे बसणारे कोअर विकत घेतले, तर त्यांचं भाडंही भरा.

थ्रेडरिपर हा डेस्कटॉप आणि सर्व्हर यांच्या मधला वर्ग. 7980एक्स मध्ये 64 कोअर, 350 वॅट. अमेरिकेत आला तेव्हा किंमत 4,999 डॉलर होती, नुसत्या चिपची. रेंडरवर पोट असलेल्या स्टुडिओला परवडेल. घरचा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो, त्यावर हे मशीन वीज गेल्यावर फाइल सेव्ह करण्याइतकंही टिकणार नाही.

बहुतेकांचं आठ कोअरमध्ये भागतं. व्हिडिओ किंवा प्रोग्रामिंग हाच धंदा असेल तर बारा ते सोळा. वाचलेल्या पैशांत 32 जीबी रॅम, चांगली एनव्हीएमई एसएसडी आणि खरोखर टिकणारा यूपीएस घ्या. वर्षातून दोन-चारदाच प्रचंड रेंडर करायचं असेल तर कोअर भाड्याने मिळतात. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांचीही भारतात डेटा सेंटर आहेत, मायक्रोसॉफ्टचं एक पुण्यातच. तिथे मोठं मशीन तासाच्या हिशेबाने घेता येतं. मात्र काम आटोपल्यावर ते आठवणीने बंद करा. रेंडर संपलं म्हणून मीटर आपोआप थांबत नाही.